केळकर राजा, मुजावर सेनापती

हौशी नाटकवाल्यांचं एक असतं. प्रयोग होतो एकच, तालमी होतात महिनोन्‌महिने. प्रयोग लोक आठवड्याभरात विसरतात. तालमींचे किस्से मात्र आम्ही कुणी टाकून देत नाही, हिवाळ्यातल्या रजयांसारखे घडी घालून ठेवतो आणि चार जण जमले की काढतो. आमच्या दिल्लीच्या ग्रुपचा असा ढीग मोठा आहे. आज फक्त शोकांतिकेचे सांगते.

नाटकाचं नाव सांगत नाही. सांगितलं की प्रत्येक जण आपण पाहिलेला प्रयोग सांगायला लागतो! गोष्ट एवढीच, की दोन लहानपणचे मित्र. एक राजा होतो, दुसरा त्याचा सेनापती. राजाच्या मनात संशय शिरतो, तो मित्राला मारायला लावतो आणि तो निर्दोष होता हे नंतर कळतं. मी प्रॉम्प्टर. म्हणजे सगळं ऐकायचं आणि कुणाला दिसायचं नाही.

*

आमच्या दिग्दर्शिका शालनताई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी राजा केला केळकरांना आणि सेनापती मुजावरांना. दोघं एकाच मंत्रालयात, एकाच मजल्यावर, पण वेगळ्या सेक्शनमध्ये. बारा वर्षांत लिफ्टमधल्या 'नमस्कार केळकरसाहेब, नमस्कार मुजावरसाहेब'च्या पुढे गाडी गेली नव्हती.

मुजावर मिरजेचे, मराठी अगदी खणखणीत. केळकर जन्मापासून दिल्लीत, सरकारी कॉलनीत वाढलेले. पहिल्याच वाचनात सेनापतीने शत्रू सीमेवर आल्याची बातमी दिली आणि राजा म्हणाला, "अच्छा?"

मुजावर फार अदबीने म्हणाले, "केळकरसाहेब, राजा 'अच्छा' म्हणणार नाही हो."

केळकर म्हणाले, "दिल्लीचा राजा आहे. म्हणेल!"

*

पहिल्या अंकात राजा मित्राला मिठी मारतो. केळकरांना ते जमेना. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात, माणूस कुणाच्या हातालासुद्धा हात लावत नसे. ते हात लांब करून मुजावरांच्या खांद्यांना थापट्या मारायचे, मग पाठीला, मग कमरेला.

शालनताई ओरडल्या, "केळकर, ती मिठी आहे! मेट्रोचं चेकिंग नाही!"

*

राणीचं काम करायची ईरा. गुडगावला आयटीत, वय चोवीस, मराठी घरापुरतं. एका रविवारी पहाडगंजातल्या शाळेच्या हॉलमध्ये तिने स्क्रिप्ट मिटली आणि विचारलं, "ताई, पण यांची दोस्ती तुटते कुठे? भांडणच नाहीये यार!"

शालनताई म्हणाल्या, "संशय येतो तिथे." कुणी म्हणालं, पत्र सापडतं तिथे.

मुजावर म्हणाले, "पहिल्या अंकात सेनापती राजाला 'अरे' म्हणतो. दुसऱ्या अंकात एकदम 'महाराज' म्हणतो, आणि राजा त्याला थांबवत नाही. 'हे काय महाराज-बिहाराज?' असं विचारत नाही. तिथं तुटली."

मी स्क्रिप्टमध्ये ते पान शोधलं. खरंच तसं होतं.

ईरा म्हणाली, "आणि तुम्ही दोघं एकमेकांना साहेब-साहेब करता, ते?"

केळकर गंभीरपणे म्हणाले, "आमची अजून सुरूच झालेली नाही."

*

दोघंही द्वारकेला राहायचे, शेजारच्या सेक्टरमध्ये. मग रविवारी एकाच मेट्रोने यायला लागले आणि वाटेत पाठांतर करायला लागले. एकदा मीही त्या डब्यात होते. तिसऱ्या अंकातला संशयाचा प्रवेश चालू होता.

केळकर तारस्वरात, "माझ्या पाठीमागे कुणाला भेटलास? बोल!"

मुजावर थरथरत, "उत्तर आधीच ठरवून विचारताय महाराज. मी काय बोलू?"

समोर पालकाच्या जुड्यांची पिशवी घेऊन एक आजोबा बसले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. ते उठले, दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "छोड़ो यार! इस उमर में कौन लड़ता है? चलो, गले मिलो."

केळकर म्हणाले, "नहीं नहीं, ये तो नाटक..."

"नाटक मत करो. गले मिलो!"

अख्खा डबा बघत होता. करोल बाग आलं, दारं उघडली, बंद झाली, आजोबा हटेनात. शेवटी केळकरांनी मुजावरांना मिठी मारली. चांगली घट्ट, पुढचं स्टेशन येईपर्यंत.

आणि पाहायला शालनताई नव्हत्या!

*

प्रयोगाला दोन महिने असताना मुजावरांच्या छातीत ऑफिसमध्येच कळ आली. स्टेंट घातला. आम्ही सगळे फोनवरून चौकशी करत होतो. केळकरांचं नावच नाही. ईरा तर चिडली, "कमाल आहेत केळकर काका!"

चौथ्या दिवशी मुजावर वहिनी औषधं आणायला खाली उतरल्या. हॉस्पिटलच्या आवारातल्या बाकावर केळकर, मांडीवर डबा.

"अहो, तुम्ही कधी आलात?"

"रोज येतो. ऑफिस सुटलं की."

"मग वर का नाही येत?"

"भेटायचा पास एकच आहे." नियम म्हणजे नियम, माणूसच तसा. "वर तुम्ही आहात. म्हटलं, खाली कोणीतरी असावं."

*

मुजावर परतले. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तलवारबाजी तेवढी शालनताईंनी कापली. राहिला शेवटचा प्रवेश, सेनापतीचं प्रेत मांडीवर घेऊन राजाचा विलाप. मुजावर सतरंजीवर आडवे झाले, डोळे मिटले.

केळकर म्हणाले, "फरशी गार आहे. खाली अजून काहीतरी घाला."

घातलं.

"उशी द्या त्याला."

शालनताई म्हणाल्या, "अरे, मेलाय तो!"

"मग आधी चहा घेऊ या."

चहा झाला. मुजावर पुन्हा आडवे झाले. केळकर जवळ गेले, पडलेल्या मुजावरांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हा प्रवेश मी थेट प्रयोगातच करतो. पाठ आहे मला. बिल्कुल पाठ आहे."

पुढच्या तिन्ही तालमी त्या पानाच्या अलीकडेच संपल्या. मुजावर स्वतः म्हणाले, "अरे केळकर, मी मरायला तयार आहे, तुझं काय अडतंय?" तरी नाही.

*

प्रयोग. हॉल भरलेला. मी विंगेत, स्क्रिप्ट मांडीवर.

शेवटचा प्रवेश आला. सेनापती पडलेला. केळकर धावत आले, गुडघ्यांवर बसले, मुजावरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोलायला लागले. असे बोलले, की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शालनताईंनी माझा दंड घट्ट धरला.

केळकरांचा उजवा हात वर, आकाशाकडे. डावा हात प्रेक्षकांना दिसत नव्हता, मला दिसत होता. त्या हाताची दोन बोटं मुजावरांच्या मनगटावर होती. नाडीवर.

अर्ध्या वाक्यात केळकर थांबले. मी हळूच पुढचे शब्द दिले. पुन्हा दिले. त्यांचं लक्षच नव्हतं. बोटं मनगटावर जरा इकडे सरकली, जरा तिकडे. चेहरा पांढरा पडला.

तेवढ्यात मेलेला सेनापती, डोळे मिटलेलेच, ओठ न हलवता म्हणाला,

"चालू आहे रे. पुढचं बोल!"