सुमनबाईंची पत्रांची खोली

सुमन पवार, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त बालवाडी शिक्षिका. त्यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण ग्रामपंचायतीच्या शिपायाने जुन्या शाळेच्या खोलीतून पहिली पत्र्याची पेटी आणून व्हरांड्यात आपटली तेव्हा मी फोटो काढला होता. अशा चौदा पेट्या होत्या. आत आमच्या गावातल्या घरांची पत्रं, मुंबईला गिरणीत आणि गोदीत कामाला गेलेल्या पुरुषांनी घरी धाडलेली. खोली रिकामी का करायची, तर रस्त्याच्या ठेकेदाराला सिमेंटच्या गोणी ठेवायच्या होत्या. नोटीस तोंडी. ठराव दाखवा म्हटलं, तर सरपंच म्हणाले, "होईल हो, घाई काय आहे?"

बाई पायरीवर बसून होत्या. ओरडल्या नाहीत. ओरडायचं काम मी केलं. त्या फक्त शिपायाला म्हणाल्या, "हळू ठेव रे. त्यात तुझी आजी पण आहे." पुढच्या पेट्या त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवल्या.

रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावरचं आमचं गाव. पूर्वी इथल्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा, पण नवऱ्याचं पत्र परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायला बायकांना लाज वाटे. म्हणून दुपारी बालवाडी सुटली की त्या पदराखाली पत्र घेऊन सुमनबाईंकडे येत. बाई वाचून दाखवत, उत्तर लिहून देत आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटल्या तर काहीच माहीत नसल्यासारख्या वागत. पुढे एकेक घर मुंबईला गेलं. जाताना बायका पत्रं बाईंकडे ठेवून गेल्या. "तुमी वाचलात, तुमीच ठेवा." बंद पडलेल्या शाळेची एक खोली बाईंनी मागून घेतली आणि पेट्या तिथे मांडल्या.

मांडून गप्प बसल्या असत्या तर गावाला काही त्रास नव्हता. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी त्या पत्रं जाहीर वाचायच्या. कधी त्या खोलीत, कधी देवळाच्या मंडपात, कधी आमच्या बौद्धवाडीतल्या विहारात. कमरेला खोचलेल्या रुमालाने आधी हात पुसायच्या, कारण आमच्या हवेत हाताला बारा महिने घाम. मग पत्ता मोठ्याने वाचायच्या. नाव, वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका, सगळं. आणि विचारायच्या, "आहे का कोणी घरातलं?" असं तीनदा. "आहे" असं उत्तर आलं तरच पत्र उघडायचं, नाहीतर ते परत पेटीत. मागून कोणीतरी म्हणायचंच, "वाचा हो बाईंनू, सगळी मेली आता." त्यावर बाईंचं ठरलेलं, "मेली असली तरी घर त्यांचंच."

मी पहिल्यांदा गेले ती भांडणासाठी दारूगोळा शोधायला. आमच्या वाडीची पाण्याची पाइपलाइन विलास सावंतच्या जमिनीच्या कडेने येणार होती आणि त्याने लेखी हरकत घेतली होती. मी त्याच्यावर तीन पत्रकं काढली होती. तिसरं मी बाईंच्या हातात दिलं आणि जुनं काही सापडतंय का विचारलं. बाईंनी हात पुसून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"शुद्धलेखन चांगलं आहे तुझं. पण यात माणूस कुठे आहे?"

"कोण माणूस?"

"विलास. नुसता शिव्यांचा ढीग केलायस. रस्त्यात भेटला तर ओळखणार कसा?"

मला भयंकर राग आला. तरी मी दर शनिवारी जाऊ लागले, कारण तिथली अव्यवस्था मला बघवेना. बाई मला 'पत्रकवाली' म्हणू लागल्या.

अव्यवस्था म्हणजे तारा. आमच्याकडे आलेलं पत्र तारेत ओवून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगायची पद्धत होती. बाईंनी प्रत्येक घराची तार होती तशीच पेटीत ठेवलेली. मी हुशार. एका शनिवारी सावंतांच्या घरची तार काढली, सगळी पत्रं सोडवली आणि शिक्क्यांवरच्या तारखा बघून प्लॅस्टिकच्या पाकिटांत क्रमाने लावली. कौतुक होईल अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी वाचनाला भागीरथीकाकी आल्या. विलासची आई. म्हणाल्या, "माझ्या तारंवरचं खालून पाचवं काढा."

खालून पाचवं उरलंच नव्हतं. मी माझी पाकिटं दाखवली.

"सगळी इस्कटलीस गो बाय!" काकी खालीच बसल्या. तेव्हा मला कळलं, त्यांनी पत्रं तारखेने लावलीच नव्हती. आजारपणाची तळाला, सणाला येतो म्हणणारी मधे, येत नाही म्हणणारी वर. अक्षर येत नव्हतं, पण जागा पाठ होती. माझ्या शिस्तीने त्यांना एका दिवसात पुन्हा निरक्षर केलं होतं.

बाई मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बस त्यांच्यापुढे. एकेक वाच. त्या सांगतील कुठलं कुठे ते."

दोन तास मी वाचत होते आणि काकी सांगतील तसं तारेत ओवत होते. लोक उठून गेले नाहीत. उलट काकींना मधेमधे विचारत होते, "मग आला का गणपतीला?" आणि काकी म्हणत होत्या, "आला कसला! टोपी धाडलान पोराला." एका पत्राला मात्र त्यांनी हात वर केला. "हां. हेच."

ते पत्र असं होतं: "सौ. भागीरथी हिस अनेक आशीर्वाद. मला महिनाभर कावीळ होती, तुला कळवले नाही. आपल्या गावच्या महादेव जाधवाने पाळी बदलून घेतली व दिवसा माझ्याजवळ बसला. पेज त्याच्याच हातची प्यालो. घरी सांगू नको, बाबा रागावतील. पण त्याची बायको विहिरीवर दिसली तर तिला तुझ्या हाताने पाणी घाल."

महादेव जाधव माझे आजोबा. ज्या बायकोला पाणी घालायला सांगितलं होतं, ती माझी आजी.

"घातलंत काकी?" मला एवढंच विचारता आलं.

"घातलं तर! सासऱ्यानी बघितलानी. तीन दिवस माझ्या हातचं जेवले नाय." मग म्हणाल्या, "मी पण वाढलं नाय."

सगळे हसले. मी मात्र उठून उभी राहिले. "उद्याच छापते हे! नावासकट!"

बाईंनी माझ्या हातातून पत्र काढून घेतलं. "कोणाचं आहे हे?"

"काकींचं."

"मग माझ्याकडे काय बघतेस? त्यांना विचार."

काकी म्हणाल्या, "छापू नको गो. सगळा गाव वाचल आन् माझा पोर तेवढा वाचायचा नाय. पुढच्या टायमाला आणतंय त्याला. तवा बाईंनी वाचूदे."

पुढच्या वाचनाला विलास आला. दाराशी हाताची घडी घालून उभा. बाईंनी पत्ता वाचला, विलासच्या आजोबांचं नाव, सावंतांच्या वाडीतलं घर. "आहे का कोणी घरातलं?" काकी समोर बसल्या होत्या, पण मागे वळून विलासकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांदा विचारलं, तरी कोणी नाही. मला वाटलं, संपलं, पत्र आता परत पेटीत जाणार. तिसऱ्यांदा विलास घसा खाकरून म्हणाला, "आहे."

वाचून झाल्यावर त्याने वडिलांबद्दल एकच विचारलं, "दादांना कावीळ झाली होती?" त्याला माहीतच नव्हतं. चार दिवसांनी त्याने हरकत मागे घेतली. आता आमच्या वाडीत नळ आहे. माझ्या तीन पत्रकांनी हे झालं नव्हतं. मी हे कबूल करते आणि कबूल करताना अजून चिडते.

मे महिन्यात पेट्या बाहेर काढल्या तेव्हा सरपंच बाईंना म्हणाले, "बाई, स्कॅन करा, मोबाइलवर टाका, विषय संपला." बाई म्हणाल्या, "आणि भागीरथीला 'मग काय झालं' असं कोण विचारणार, मोबाइल?" सरपंच हसले आणि गाडीत बसले.

विलासने टेंपो आणला आणि पेट्या आपल्या पडवीत नेल्या. दुसरं कोणी आलं नाही, हेही लिहून ठेवते. पावसाळ्यात पडवीला ओल आली. दोन पेट्यांना वाळवी लागली. एका घराची तार तेवढी हाती आली, तिच्यावर पत्र उरलं नव्हतं. वाचनं बंद झाली. बाईंना त्यांची लेक आपल्या घरी, अलोऱ्याला घेऊन गेली.

परवा फोन केला. म्हटलं, "बाई, तुमच्यावर लिहितेय."

"माझ्यावर कशाला? मी आहे अजून. खोलीवर लिही."

"खोली मिळाली तर याल?"

"लेकीला सांगू नको. पिशवी भरलेली आहे."

रस्त्याचं काम संपलं. गोणी गेल्या. खोली रिकामी आहे आणि तिला ग्रामपंचायतीचं कुलूप आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ती पुन्हा गोदाम म्हणून द्यायचा विषय येतो आहे. तुम्ही मुंबईला असाल तर आदल्या दिवशी निघा. गावात असाल तर 'आमचं काय जातंय' म्हणून घरी बसू नका. ग्रामसभेत उभे राहा. खोली पत्रांसाठी मागा. ठराव तुमच्यासमोर लिहून घ्या, खाली सही करा आणि किल्ली बाईंच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.