डोळ्यांची तालीम

स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी लाखनीचे आमचे केंद्रसंचालक दरवर्षी आम्हा मास्तरांकडून पर्यवेक्षणाची तालीम करून घेत. एकदा जाड भिंगांचा चष्मा सावरत ते स्वतःच विद्यार्थी होऊन बाकावर बसले. पेपर पुढे करून त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, हे बरोबर हाये का?"

मी गप्प राहिलो, पण नजर बरोबर उत्तरावर गेलीच.

"तोंड बंद हाये, पण डोळे सांगून राहिले ना तुमचे. पुन्हा करा."

सात वेळा करायला लावलं. मनातून मी चिडलो होतो.

परीक्षेच्या दिवशी माझ्या खोलीत त्यांची मुलगी होती. ते फेरीला आले तेव्हा दारातच त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि बाकं चाचपत खोलीभर फिरले.