माळणीचा हक्क

माझी आई माळीण होती. पण तुमची नव्हती.

आज तिची पुण्यतिथी. मी आता शहाऐंशीची आहे, बोटं थरथरतात, टायपिंग चुकेल. तरी लिहिणार, कारण सकाळपासून डोकं तापलंय.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये बाबा कारकून होते. कारकुनांची बारा घरं आणि मध्ये सगळ्यांचं मिळून एक पटांगण.

पटांगण कसलं, नुसती काळी माती. उन्हाळ्यात भेगांत पाय अडकायचा, पावसाळ्यात चप्पल.

आईचं माहेर पातूरचं, फुलं-भाजीचा मळा असलेलं. तिला ते उघडंबोडकं पटांगण बघवेना.

कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःहून खुरपं घेतलं. माहेरून मोगरा आणला, शेवंती आणली, जाईचा वेल आणला.

शेजारणींना एवढंच म्हणाली, आंघोळीचं पाणी मोरीत सोडू नका, घरटी एक बादली झाडांना टाका. सगळ्या हो म्हणाल्या. आठ दिवस टाकलंही.

मग म्हणायला लागल्या, शांतेच्या हाताला गुण आहे, तिनंच टाकावं.

हाताला गुण म्हणे. बारा घरांचं पाणी ती एकटी वाहायची. तो हाताचा गुण नव्हता, तिची कंबर होती.

फुलं तोडायला मात्र बाराही घरं हजर. देवाच्या नावावर कळ्यासुद्धा ठेवायच्या नाहीत.

दिवाळीला हेडक्लार्कच्या पत्नी आल्या. आम्ही त्यांना मोठ्या काकू म्हणायचो. पुढचं दार उघडं होतं, तरी मागच्या दारी आल्या. सुपात ज्वारी, वर त्यांचं नेसून विटलेलं लुगडं.

"घे वं शांते. वरीसभर राबली तू. माळणीचा हक असते."

वाईट मनानं नाही म्हणाल्या. त्याचाच तर मला जास्त राग येतो. आईचा नवरा त्यांच्या नवऱ्याशेजारी बसून लिहायचा. पण माळ्याची लेक माती उकरते म्हटल्यावर ती आपली माळीण, संपला विषय.

आईनं ज्वारी सुपासकट परत दिली. लुगडं ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर पटांगणात बसून तिनं त्याच्या चिंध्या केल्या आणि जाईचा वेल काठ्यांना बांधला.

काकू धावत आल्या. काहून फाडलं म्हणून विचारलं.

"ह्या झाडायसाठी राबलो ना मी, काकू. मंग लुगडं बी ह्या झाडायचंच."

संध्याकाळी बाबा घरी आले ते मान खाली घालून. म्हणाले, जा, माफी माग, मला त्यांच्या हाताखाली नोकरी करायची आहे.

ती गेली. माफी मागून आली.

बाबा, तुम्हीही आता नाही, पण ह्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

चिंध्या मात्र तिनं सोडल्या नाहीत. वेल चढत गेला आणि त्या आत झाकल्या गेल्या. पाणी ती मरेपर्यंत घालत होती.

आता सकाळचं सांगते. अमरावतीच्या आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. खालच्या बगिच्यात एक बाई पाइप धरून उभ्या. खाली लिहिलं होतं, "आपल्या गार्डनवाल्या मावशी, यांना दिवाळीला काहीतरी देऊ या." चाळीस जणांनी हात जोडले.

अहो, त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झाल्यात. दोन वर्षं झाली, तुमची झाडं त्या जगवून राहिल्या आहेत आणि तुम्हाला त्यांचं नाव माहीत नाही.

पाऊणशे वर्षांत काय बदललं? सुपाच्या जागी फोन आला.

आई, आज तुझ्या फोटोला फुलं नाहीत. तोडवत नाहीत. मी अर्धी बादली घेऊन खाली चालले आहे, तेवढीच उचलते आता.

आणि तुम्ही कॉमेंटमध्ये भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका. आपापली बादली घेऊन खाली या.