चौथं शील

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळलं नाही, आणि चौथीनंतर कोणी विचारलंही नाही. मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही आहे, तीत लिहिते. कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते. चारचौघांत माझा आवाज निघत नाही म्हणून हे लिहिणं.

आमचं घर खालापूरकडच्या चौक गावाच्या अलीकडे, बौद्धवाडीत. वाडी आणि आमचं गाव यांच्यामध्ये ओढा आहे, त्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल. मोरीपलीकडच्या पहिल्याच घरात वयनी राहते. नात्याची नव्हे. तिच्या घरी गणपती बसतो, आमच्या घरी बुद्धाची मूर्ती. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तिला लावणीला माणूस कमी पडत होतं, तिने मला हाक मारली. मग ती आमच्या एवढ्याशा तुकड्यात आली. तेव्हापासून दर वर्षी आमची सावड, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. बांधावर भेटलो की ती मला म्हणायची, "जय भीम गं बाय," आणि मी म्हणायची, "राम राम, वयनी." ती आमची गंमत होती.

मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तीस हजार कमी पडत होते. मी मागितले नाहीत, मला मागता येत नाही. वयनीनेच दुधाचे साठवलेले पैसे आणून दिले. कागद नाही, व्याज नाही. जमतील तसे दे म्हणाली. चौकच्या एका ढाब्यावर मी भाकऱ्या थापते, त्यातून पहिलं वर्ष सरल्यावर महिन्याला हजार द्यायचं मी ठरवलं.

दुसऱ्या वर्षी फाट्यावर बॅनरवरून भांडण झालं. एक त्यांचा होता, एक आमचा. कोणाचा वर, कोणाचा खाली, यावर आधी नुसती बोलाचाली होती. मग एका सकाळी आमचा फाटलेला दिसला. वाऱ्याने फाटला की कोणी फाडला, मला आजही माहीत नाही. दुपारपर्यंत दगड पडले, दोन्हीकडच्या पोरांची डोकी फुटली, खालापूरहून पोलीस आले. नंतर शांतता कमिटी बसली. आमचे मालक तिच्यात होते. समोरासमोर दोन रांगांत बसवलं, चहा दिला, सह्या घेतल्या, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून गावात शांतता आहे. गिरणीवर बायका दळण घेऊन उभ्या असतात आणि नुसता पट्ट्याचा आवाज येतो.

सावड त्याच वर्षी मोडली. वाडीत ठरलं की कामाशिवाय मोरी ओलांडायची नाही, गावातही तसंच ठरलं असणार. मालक मला म्हणाले, "पैसे द्यायला जा. बसू नको."

एवढी एकच वाट राहिली. दर पाच तारखेला मी शंभराच्या दहा नोटा घेऊन जायची आणि वयनीच्या ओट्यावर उभी राहायची. ती नोटा मोजायला घ्यायची, मध्येच विसरायची, पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तेवढ्यात तिचा गुडघा, म्हैस, माझ्या मुलीची परीक्षा, सगळं बोलून व्हायचं. परत येताना मला बरं वाटायचं. बाकीचा महिना दोन्हीकडचं ऐकून ऐकून मी दमून जायची. ढाब्यावर त्यांच्यातल्या बायका आमच्याबद्दल बोलायच्या, घरी आमच्यातली माणसं त्यांच्याबद्दल. मोबाइलवर तर सकाळपासून तेच. मी दोन्हीकडे मान हलवायची.

मुलगी शिकून पनवेलला एका दवाखान्यात लागली आणि पैसे पाठवू लागली. बारा हजार देणं राहिलं होतं तेव्हा माझ्या तांदळाच्या डब्यात बारा हजार जमले होते. एकदम नेऊन दिले असते तर झालं असतं. पण मग सहा तारखेपासून मी कोणत्या कामाने मोरी ओलांडणार होते?

मी हजारच नेले. वयनीचा मोठा मुलगा ओट्यावर होता. तो म्हणाला, "मावशी, एकदाच द्या ना. कशाला हेलपाटे घालता?" मी म्हणाले, लेकीचा पगार अजून नीट होत नाही. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. पुढचे तीन महिनेही तेच बोलले.

मी फार काही जाणणारी नाही. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावते आणि पंचशील म्हणते. पाच गोष्टी करायच्या नाहीत, एवढाच माझा धर्म आणि तेवढाही मला पुरे वाटतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते चार महिने मी चौथं शील भरभर म्हणून पाचव्यावर जायची.

मग मुलीने ड्युटीसाठी हप्त्यावर स्कूटी घेतली आणि ती घेऊन घरी आली. पाच तारखेला वयनीच्या मुलाने माझ्या हातातली नोटही घेतली नाही.

"लेकीला स्कूटी घ्यायला पैसे हायेत. आन हितं हजार हजार," तो म्हणाला. मग आईकडे बघून म्हणाला, "ह्यांच्यात असंच चालतं. तुला सांगत व्हतो ना."

 एकट्या माझ्या खोट्याने अख्खी वाडी खोटी ठरली, हे मला तिथे उभं असताना कळलं. वयनी म्हणाली, "गप रं. मीच तिला म्हनलं, हजारच दे." तीही खोटंच बोलली, माझ्यासाठी. मुलगा आत निघून गेला. तो महिना तसाच राहिला, मी हजार परत घेऊन आले.

बुद्धपौर्णिमेला वाडीतल्या बायका टेंपो करून कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यांना गेल्या, मीही गेले. पायथ्याच्या गावापासून वर चढण आहे, ऊन फार होतं. लेण्यात मुंबईची पोरं मोबाइलवर गाणी लावून फोटो काढत होती. आम्ही खाली बसून वंदना सुरू केली तेव्हा त्यातल्या एकाने आपण होऊन गाणं बंद केलं. चौथ्या शिलाला माझा आवाज थांबला. कोणाला कळलं नाही, माझा आवाज असाही ऐकू येत नाही. बाकीच्या पुढे गेल्या आणि मी त्या दगडाकडे बघत बसले. जगात शांती नांदो, असं आम्ही शेवटी म्हणतो. माझ्या मनात आलं, मला मोरीपलीकडे चार शब्द बोलता आले तरी खूप झालं, आणि त्यासाठी मी रोज मूर्तीसमोर तोंड चुकवते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा उपसला. उरलेले आठ हजार रुमालात बांधून गेले. वयनी ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आज पाच तारीख नाय," ती म्हणाली.

मी रुमाल सुपाशेजारी ठेवला. "चार म्हैने मी खोटं बोलले, वयनी. पैसे व्हते माझ्याकडं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला काय दहा नोटा मोजता येत नायत व्हय?"

दोघींनाही थोडं हसू आलं. मग ती म्हणाली, "आता कशाला येशील तू?"

   तिने रुमाल सोडला, नोटा एकदाच मोजल्या आणि मुलाला हाक मारली. तो दारात आला तेव्हा त्याच्यासमोर तिने सांगितलं की तिचे तीस हजार आज पुरे झाले, माझ्याकडे आता काही बाकी नाही.