अच्युतपंडित नेमका कुठला? आदिलाबादेतला एक पोळा

“तिसरी पोथी पाहून ये, म्हणजे मी सुटलो,” बाबा म्हणाले, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला मी नागपूरहून आदिलाबादची बस पकडली.

बाबा निवृत्त मास्तर. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही. चाळीस वर्षं ते अच्युतपंडिताचं चरित्र लिहीत आलेत. हा मध्ययुगात कधीतरी होऊन गेला आणि बैलांच्या आजारांवरचा संस्कृत ग्रंथ त्यानं मराठी ओव्यांत आणला, एवढंच नक्की. गुरू कोण, समाधी कुठे, सगळ्यावर वाद. एका पोथीच्या शेवटी त्याचं गाव वडगाव, दुसरीत पिंपरी. आदिलाबादकडच्या बेल्याजवळ, सांगवीत तिसरी पोथी असल्याचं यंदाच कळलं; ती ज्या गावाच्या बाजूनं बोलेल ते खरं, असं बाबांनी ठरवलेलं. वहीत ‘जन्मगाव’ या शब्दापुढचा रकाना तेवढा कोरा राहिला होता.

लहानपणी माझ्या सुट्ट्या याच मुलखात गेल्या. बाबा कुणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून पोथी उतरवायचे आणि मी कंटाळून बशीतल्या चहावर फुंकर मारत बसायची. तेव्हा राग यायचा. आता त्या ओसऱ्यांसाठी जीव तुटतो.

पांढरकवड्याला गाडी थांबली की आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे बरं काही मिळेलच असं नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगूत होतात, शेतं मात्र तीच: कापूस, तूर, मध्येच ज्वारी. आदिलाबादहून बेल्याच्या गाड्या आहेत, पण कमी, तेव्हा स्टँडवर वेळ विचारूनच जेवायला जा. तेलंगणात सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, म्हणून मी ऐटीत आधार कार्ड काढलं. कंडक्टर हसला. “तेलंगाना का होना, अम्मा.” शेजारची बाई म्हणाली, “माहेर इकडचं पायजे होतं, ताई!” झालं, काढलं तिकीट.

पोथी सांभाळणाऱ्या अनसूयामावशी भाजीपाला पिकवतात. पोचले तेव्हा अंगणात खांदमळणी चालली होती. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांच्या खांद्यांना त्या हळद-लोणी चोळत होत्या. “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या,” असं बैलांच्या कानाशी म्हणून झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “मास्तरची पोरगी ना तू? माह्या माहेरच्या ओसरीवर चहावर फुंकर मारत बसे ते?”

मी ओळखू आले याचा इतका आनंद झाला की शेणात पाय पडलेला कळलाच नाही.

दिवस मावळायच्या आत गोठ्यात पोथी वाचायची रीत आहे. पूर्वी मावशींचे सासरे वाचत, आता त्या वाचतात. मी कान टवकारून शेवटच्या ओवीची वाट पाहत होते.

मुक्या जीवांचें दुःख जाणोनी ।
संस्कृत आणिलें मऱ्हाटी वाणीं ।
अच्युत सांगवीचे ठिकाणीं ।
लिहिता झाला ॥

सांगवी! म्हणजे तिसरंच गाव. बाबांची चाळीस वर्षं पाण्यात. फोटो घ्यायला पान हातात घेतलं, तर तिथं गावाचं नाव नव्हतंच. ‘अच्युत’ आणि ‘ठिकाणीं’ यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी.

“मावशी, हे कोरं काऊन?”

“ज्या गावात वाचली त्याच गावचं नाव घ्या लागते. नाही तं तिथल्या ढोरायले औषध लागू होत नाही, असं मामंजी म्हणत.”

“मग वडगावच्या पोथीत, पिंपरीच्या पोथीत...”

“तिथं कोनी लिहून टाकलं असन. दरसाल तेच तं वाचा लागते!”

रात्री त्यांच्याकडेच राहिले. भाकरी, वांग्याची भाजी, अंबाडीची चटणी. घास गोड लागला, पण मन बाबांपाशी होतं. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं की ते इतकी वर्षं शोधत होते ते पोथ्यांत कधी नव्हतंच?

दुसऱ्या दिवशी सजवलेले बैल पाहून परत निघाले. घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता आणि बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. खोटं बोलायचं ठरवून आले होते, जमलं नाही. सगळं सांगितलं. बाबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “वाच ते ओवी.”

मी वाचत गेले. ‘अच्युत’ म्हटलं आणि थांबले.

“मनीषनगरचे ठिकाणीं,” बाबांनी ओवी पुरी केली. नागपुरातल्या आमच्या मनीषनगरात बैल औषधाला सापडायचा नाही. मी हसले आणि हसता हसता रडू आलं.

ओसरीवरचे ते बाबा मला परत भेटले, या प्रवासातून एवढं उरलं. बाकी चरित्राचं काय? मी वही उघडली, जन्मगावाचा रकाना काढला आणि पेन घेऊन विचारलं, “काय लिहू?”

“कोराच ठेव,” बाबा म्हणाले. “वाचणाऱ्याले लागंल.”