रॉकेटची छत्री आणि आईंची घडी

रविवारी सकाळी पलसाण्याजवळच्या शेतात आमच्या रॉकेटला शेवटची संधी होती… म्हणजे मलाच होती.

आधी ओळख करून देते. मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइन्स कॉम्प्युटरवर करते आणि सुट्टीला मॉडेल रॉकेट उडवते. पुठ्ठ्याचं अंग, पातळ लाकडाचे पंख, आत छोटी रेडिमेड मोटर… हातभर लांबीचं असतं, पण जातं झकास वर. "हे काय खूळ?" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, व्हिडिओ दाखवते.

आणि सुरतेत राहून रॉकेट नाही करायचं तर कुठे! कापडाचा ताका गुंडाळतात त्या नळीवर जाड कागद गुंडाळून चिकटवला की अंग तयार. छत्रीसाठी, म्हणजे पॅराशूटसाठी, अस्तराचं पातळ कापड घरात पडलेलंच असतं… या वेळी राणी कलर.

छत्रीची घडी घालायचं काम मी आमच्या सासूबाईंना दिलं होतं. आई कित्येक वर्षं नवागामच्या आमच्या घरी साड्यांच्या फोल्डिंगचं काम करतात आणि त्यांच्या हाताला तिथे नाव आहे. मी घडी घातलेली साडी पाहून मात्र लग्न झाल्यापासून त्यांच्या अहिराणीत एकच वाक्य ऐकते… "हाई घडी शे का बोचकं?"

तर त्या रविवारच्या आधीच्या फेरीत रॉकेट सरळसोट वर गेलं. वर पोचल्यावर मोटर एक छोटा धक्का देते, टोक निघतं आणि छत्री बाहेर पडते. तीही पडली… पण उघडली नाही. रॉकेट दगडासारखं खाली आलं आणि शेतमालक रमणकाकांच्या म्हशीच्या गव्हाणीत आपटलं. म्हैस दावं तोडून पळाली ती शेजारच्या उसात.

रमणकाका भला माणूस. ओरडले नाहीत, पण म्हशीला बांधून आल्यावर शांतपणे शेवटची ताकीद दिली, "बेन, हवे छेल्ली वार हं. छत्री ना खुले तो बीजुं खेतर शोधी लेजो."

आता दुसरं शेत कुठून आणू? भेस्तानकडे विजेच्या तारा, इच्छापोरकडे कारखाने, बाकी सगळीकडे बिल्डिंगा. वणवण करून ही एकच मोकळी जागा मिळाली होती. ती गेली की माझं रॉकेट कपाटावर शोभेला ठेवायचं, एवढंच उरलं असतं.

घरी येऊन सगळं उलगडून पाहिलं. मोटर ठीक, दोरी ठीक. मग छत्री हातात घेतली… आणि हसूच फुटलं. आभाळातून पडून, गव्हाणीत आपटूनही तिची एक चूण हलली नव्हती!

आमच्या घरची घडी असतेच तशी. पार्सल ट्रकमधून कुठल्या कुठे जातं, गोडाऊनमध्ये आदळतं, तरी दुकानदार झटकेपर्यंत साडी उकलता कामा नये. आणि तीच घडी आम्ही रॉकेटमध्ये भरून तिने वाऱ्याच्या एका झुळकीत उघडावं म्हणत होतो…

चूक तर सापडली, पण आईंना सांगायचं कसं? शेवटी जेवताना सांगून टाकलं. त्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मना हातनी घडी आजपावत कोनी परत धाडी नही."

मला फार वाईट वाटलं. न उकलणारी घडी हीच त्यांची आयुष्यभराची कमाई, आणि मी तिलाच नावं ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून सैल घडी घालायला बसल्या. पण हात ऐकेना… शेवटी तळवा आपोआप कापडावर जायचा आणि चूण कडक बसायची. बऱ्याच वेळाने त्यांनी छत्री माझ्या मांडीवर टाकली. "तूच कर वं माय. आठे तुन्हं बोचकंच कामनं शे." इथे माझं बोचकंच कामाचं!

मग काय, मी माझ्या पद्धतीने घातली. कापड चिकटू नये म्हणून थोडी टाल्कम पावडर, ढिली गुंडाळी, आणि दिली आत सरकवून. इतक्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात कुठलीच घडी घातली नव्हती.

रविवारी आई पहिल्यांदाच शेतावर आल्या. म्हैस लांब बांधली होती. सगळ्यांना मागे उभं केलं आणि बटण दाबलं… सूंऽऽऽ करत रॉकेट ठिपक्याएवढं झालं. वर धुराचा एक पुंजका दिसला. आणि मग काहीच नाही.



आणि उघडली! गच्चीवर वाळत घातलेली साडी वाऱ्याने भरावी तशी राणी कलरची छत्री भरली आणि रॉकेट डुलत डुलत खाली यायला लागलं.

जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या माझ्या सासूबाई पदर खोचून ढेकळांतून धावल्या. कापड मातीला लागू नये म्हणून त्यांनी छत्री वरच्यावर झेलली आणि रमणकाकांना ओरडून सांगितलं, "मन्ही सूननी घडी शे ती! मन्ही सूननी!"

काकांना अहिराणीचं ओ की ठो कळत नाही, तरी ते हसत मान डोलावत होते. मला म्हणाले, "आवता रविवारे पाछा आवजो." शेत वाचलं.

वळून पाहते तर आई बांधावर उभ्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या हातांनी त्या छत्रीची घडी घातलीसुद्धा होती… कोपऱ्याला कोपरा लावून, तळव्याने दाबून, दुकानात ठेवावी अशी. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

ती मी उकलली नाही. कपाटात माझ्या लग्नाच्या शालूवर ठेवली आहे. पुढच्या रॉकेटला दुसरं कापड घेईन.