रेडिओच्या बटणावरचा हात

स्वतःच्या घरात स्वतःची भाषा दबक्या आवाजात ऐकावी लागली, तर तुम्ही गप्प बसाल का?

कॅनडातल्या ओटावात मी मादाम एलेन यांच्याकडे भाड्याने राहत होतो. फ्रेंच बोलणाऱ्या या बाई ऐंशीच्या घरातल्या. दारावर कुणी आलं, की त्यांचा हात आपोआप रेडिओकडे जायचा आणि आवाज कमी करायचा. "वडिलांची सवय लागली," त्या म्हणायच्या.

तिथला सरकारी रेडिओ सुरुवातीला एकाच केंद्रावरून इंग्रजी आणि फ्रेंच आळीपाळीने बोलायचा. "आमच्या दिवाणखान्यात फ्रेंच नको," अशी पत्रं इंग्रजी श्रोत्यांनी पाठवली. पुढे फ्रेंचसाठी वेगळी केंद्रं निघाली. लोक याला तडजोड म्हणतात. मला तो हात आठवतो आणि अंगाचा तिळपापड होतो. केंद्रं मिळाली, पण त्या हातात भरलेली भीती कुणी परत घेतली नाही.

एका दुपारी फ्रेंच बातम्या चालू असताना शेजारचे इंग्रजी बोलणारे गृहस्थ आले. "एलेन, बातम्या आहेत की भांडण?"

बाईंचा हात बटणापर्यंत गेला, थांबला, आणि त्यांनी आवाज वाढवला. "बातम्या आहेत. बसा, समजावून सांगते."

ते अर्धा तास अवघडून बसले. मला झालेल्या आनंदाची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

फ्रेंचविरुद्ध तक्रार करणाऱ्यांनीही नुसती पत्रंच लिहिली होती, आणि तेवढ्याने रेडिओ बदलला. तुमच्या रेडिओ केंद्राने मराठीचे तास कमी केले असतील, तर आजच पत्र लिहा. मराठीत लिहा, आणि मराठीत उत्तर येईपर्यंत रोज एक लिहा.